स्त्रीबीजांची शिल्लक

(नभोवाणीवरील भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो घरोघरीं असतो, पण कोणत्याच घरांत उघडपणें बोलला जात नाहीं. लग्नाला दोन-तीन वर्षें झालीं आणि पाळणा हलला नाहीं, म्हणजे आप्तेष्ट विचारूं लागतात. आणि विचारतात तें सुनेला, मुलाला नव्हे. 'वांझ' हा कठोर शब्द आपल्या बोलींत बाईच्याच वाट्यास आलेला आहे. सुशिक्षित घरांतून तो आतां फारसा ऐकूं येत नाहीं, हें खरें; परंतु त्याची जागा कधीं कधीं प्रयोगशाळेंतून आलेला एक कागद घेतो. त्या कागदाविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

एके दिवशीं दुपारीं तिघें जण माझ्या दवाखान्यांत आलीं. बत्तीस वर्षांची सून, तिचा पति आणि सासूबाई. सुनेच्या हातांत एक कागद होता. त्यावर 'ए. एम. एच.' अशीं तीन अक्षरें, त्यांच्यापुढें ०.६ हा आंकडा, आणि आंकड्याच्या शेजारीं एक चांदणी; म्हणजे मर्यादेहून कमी. ही तपासणी कोणा डॉक्टरानें सांगितली नव्हती. वार्षिक तपासणीच्या जोडीला ती सवलतीच्या दरांत मिळत होती, म्हणून करून घेतलेली. लग्नास दीड वर्ष झालें होतें, आणि मूल हवें असें ठरवून आठ महिने. सून कांहींच बोलेना; रात्रभर रडल्याच्या खुणा डोळ्यांत दिसत होत्या. पति खिडकीबाहेर पाहत होता. अखेर सासूबाईंनीं विचारलें, "डॉक्टरीणबाई, हिचीं बीजें संपलीं म्हणतात, तें खरें का?"

या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येतें: नाहीं, संपलेलीं नाहींत. परंतु तें उत्तर पटावयाचें तर बीजांचा हा हिशेब मुळापासून समजून घेतला पाहिजे. त्या दुपारीं त्या तिघांना मीं जें सांगितलें, तेंच आज थोडें सविस्तर आपणांस सांगतें.

सस्तन प्राण्यांचें स्त्रीबीज मनुष्याच्या दृष्टीस पडलें, त्याला अजून दोनशें वर्षेंसुद्धां पुरीं झालेलीं नाहींत. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं कुत्रीच्या बीजकोशांत तें प्रथम पाहिलें. पुरुषाच्या शरीरांत बीजें तारुण्यापासून वृद्धपणापर्यंत नित्य नवीं तयार होत असतात. स्त्रीचेंही तसेंच असेल, दर महिन्यास एक नवें बीज घडत असेल, असें पुष्कळ काळ पुष्कळांस वाटे. १९५१ सालीं सॉली झुकरमन या शास्त्रज्ञानें तोंवरचा सारा पुरावा एकत्र करून मांडला आणि दाखविलें कीं, स्त्रीला मिळावयाचा सांठा जन्मापूर्वींच मिळालेला असतो. पुढें त्यांत भर पडत नाहीं. या मतावर मधूनमधून शंका घेतल्या गेल्या, नाहीं असें नाहीं. पण मोठ्या स्त्रीच्या शरीरांत नवीं बीजें तयार होतात, असा सर्वमान्य पुरावा अद्याप पुढें आलेला नाहीं.

आतां या सांठ्याचे आंकडे ऐका. मुलगी आईच्या पोटांत पांच महिन्यांची असते, तेव्हां तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून सुमारें ६० ते ७० लाख बीजें असतात. इतकी श्रीमंती तिला आयुष्यांत पुन्हां कधीं लाभत नाहीं. जन्माच्या वेळीं त्यांतलीं १० ते २० लाख उरतात. ती न्हातीधुती होते त्या वेळीं तीन-चार लाख. आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास उरतात तीं अवघीं हजाराच्या आसपास. बरें, या सगळ्यांपैकीं पूर्ण पक्व होऊन बाहेर पडतात तीं किती? सबंध आयुष्यांत चारशें ते पांचशें. बाकीचीं लाखों बीजें आपोआप विरून जातात. मुलगी खेळत असतांना, झोपलेली असतांना, आजारी असतांना, गरोदर असतांनासुद्धां ही गळती चालूंच असते. पुष्कळ भगिनी विचारतात कीं, गोळ्या घेऊन पाळी थांबविली तर बीजें वांचतील ना? वांचत नाहींत. गोळीनें बीज बाहेर पडणें थांबतें. सांठ्यांतील झीज थांबत नाहीं. तसेंच, गोळ्या घेतल्यानें सांठा लवकर संपतो, हीही समजूत खोटी आहे.

आपल्या जुन्या घरांतून कणगी असे. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनें लिंपलेली. बियाणें तीत भरून तोंड बंद करीत. स्त्रीचा बीजकोश ही अशीच एक कणगी समजा. जन्माआधीं एकदांच भरलेली, आणि पुन्हां कधींही न भरावयाची. आंत किती उरलें आहे तें बाहेरून दिसत नाहीं, आणि फोडून पाहण्याची सोय नाहीं. मग अंदाज कसा करावयाचा? घरांतली जाणती बाई काय करी? रोज कणगींतून किती निघतें आणि अंगणांत किती वाळत पडतें, त्यावरून ती आंतल्या भरीचा अदमास बांधी. वैद्यकानेंही हीच युक्ति केलेली आहे.

सांठ्यांतल्या बीजांपैकीं कांहीं थोडीं रोज जागीं होऊन वाढीस लागतात. प्रत्येक बीजाभोंवतीं पेशींचें एक आवरण असतें; त्यास आपण बीजपुटिका म्हणूं. ती वाढून पक्व होण्यास कित्येक महिने लागतात. पाळीच्या प्रारंभीं कांहीं पुटिका दोन ते दहा मिलिमिटर आकाराच्या झालेल्या असतात. योनिमार्गानें केलेल्या अल्ट्रासाउंड तपासणींत त्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या स्पष्ट दिसतात व मोजतां येतात. ही झाली पहिली रीत. दोन्ही बाजूंच्या मिळून पांच-सातांहून कमी दिसल्या, तर शिल्लक कमी आहे असें समजतात.

दुसरी रीत रक्ताची. मेंदूच्या तळाशीं पीयूषिका नांवाची हरभऱ्याएवढी ग्रंथि आहे. तिच्यापासून एफ. एस. एच. नांवाचा अंतःस्राव निघतो आणि पुटिकांना वाढीची आज्ञा देतो. बीजकोश नीट उत्तर देत असला म्हणजे आज्ञा हळू आवाजांत होते. उत्तर येईनासें झालें म्हणजे ओरडावें लागतें. त्या वेळीं रक्तांतील एफ. एस. एच. चढतें. हें माप पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशीं घेतात आणि त्याच रक्तांत इस्ट्राडायॉलही पाहतात. कारण तें वाढलेलें असलें कीं एफ. एस. एच. फसवें कमी दिसतें. दहाच्या वर आंकडा गेला म्हणजे डॉक्टर सावध होतात. परंतु हा आंकडा महिन्या-महिन्याला बदलतो, आणि तो चढूं लागतो तोही उशिरां. म्हणून एकट्या त्याच्यावर कोणी विसंबत नाहीं.

तिसरी रीत त्या कागदावरच्या तीन अक्षरांची. ए. एम. एच. म्हणजे अँटि-म्युलेरियन हार्मोन. याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. गर्भ प्रथम मुलाचा असो वा मुलीचा, गर्भाशय घडण्याजोग्या दोन नळ्या त्याच्यांत असतातच. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें त्या ओळखल्या जातात. मुलाच्या गर्भांत त्या नाहींशा होतात. त्या कोण नाहींशा करतें? पॅरिस येथील आल्फ्रेड जोस्ट यानें सशांच्या गर्भांवर अतिशय नाजूक प्रयोग करून १९४७ सालीं दाखविलें कीं, पुरुषग्रंथींतून निघणारा एक निराळा पदार्थ हें काम करतो. ज्या पदार्थाची ओळख पुरुषाच्या घडणींत झाली, तोच पुढें स्त्रीच्या बीजकोशांतही सांपडला! तेथें तो लहान लहान वाढत्या पुटिकांच्या आवरणांतून स्रवतो. अशा पुटिका जितक्या अधिक तितका तो रक्तांत अधिक. पाळीच्या कोणत्याही दिवशीं तो मोजतां येतो, ही त्याची मोठी सोय. आणि ही सोयच त्याच्या अतिरेकी प्रसारास कारण झाली.

या तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. कणगींतील धान्य कोणतीच रीत मोजीत नाहीं. अंगणांत आलेलें मोजते. सांठा थोडा तर अंगणांत येणारेंही थोडें, या नियमावर सारा अदमास आहे. नियम बराच खरा आहे. पण अदमास तो अदमासच.

शिवाय आंकडा वाचतांनाही धांदल होते. ए. एम. एच. दोन निरनिराळ्या मापांत लिहितात. एका नॅनोग्रॅमाचे दुसऱ्या मापांत सुमारें सात पिकोमोल होतात. एका प्रयोगशाळेचा कागद एका मापाचा आणि दुसरीचा दुसऱ्या मापाचा असला, तर सातपट फरक दिसून माणूस उगीच घाबरतो किंवा उगीच हरखतो. निरनिराळ्या यंत्रांचे निकालही तंतोतंत जुळत नाहींत. संततिनियमनाच्या गोळ्या चालूं असतांना आंकडा कमी येतो व त्या सोडल्यावर कांहीं महिन्यांनीं वर येतो. याच्या उलट, ज्या मुलींच्या बीजकोशांत बारीक बारीक पुटिकांची गर्दी असते, पाळी दोन-दोन महिने येत नाहीं, अशांत हा आंकडा फार मोठा येतो. तो पाहून कोणी आनंद मानूं नये. तेथें अडचण निराळीच असते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ही शिल्लक कमी आहे, म्हणजे मूल होणार नाहीं, असें आहे का?

या प्रश्नाचा शोध अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना येथें घेतला गेला व त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तीस ते चव्वेचाळीस वर्षांच्या ७५० स्त्रिया, ज्यांना वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नव्हता आणि ज्यांनीं मुलासाठीं नुकताच प्रयत्न सुरू केला होता, अशा निवडल्या. त्यांचें ए. एम. एच. मोजलें आणि पुढें कोणाला केव्हां दिवस राहतात हें पाहिलें. ज्यांचा आंकडा ०.७ हून कमी होता, त्यांना सहा किंवा बारा पाळ्यांच्या मुदतींत दिवस राहण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नाहीं. हें ऐकून आश्चर्य वाटेल. पण विचार केला म्हणजे उलगडा होतो. दर महिन्याला बाहेर पडतें तें बीज एकच. अंगणांत वीस दाणे असोत कीं पांच असोत, पेरला जातो तो एकच दाणा. तो चांगला असला म्हणजे झालें. या व अशाच पुराव्यावरून अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयानें २०१९ सालीं स्पष्ट सल्ला दिला कीं, ज्या स्त्रीला वंध्यत्वाची तक्रार नाहीं, तिच्या पुढील मातृत्वाचें भविष्य सांगण्यासाठीं ही तपासणी करूं नये.

मग दाणा चांगला कीं वाईट, हें कशावरून ठरतें? मुख्यतः वयावरून. आणि येथें मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय अडतीस. लग्न उशिरां झालेलें. त्यांच्या तपासणीचा आंकडा तीनच्या पुढें, म्हणजे विशीतल्या मुलीस शोभावा असा आला. तो पाहून मीं त्यांना म्हटलें, "आपली शिल्लक उत्तम आहे, घाईचें कारण नाहीं." त्यांच्या घरीं तेव्हां वृद्ध वडिलांचें आजारपण चाललें होतें. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनीं दोन वर्षें जाऊं दिलीं. पुढें दिवस राहिले, पण दोन्ही खेपेस तिसऱ्या महिन्यापूर्वींच गर्भ गेला. दुसऱ्या खेपेस त्या मला म्हणाल्या, "तुम्ही तर शिल्लक पुष्कळ आहे म्हणाला होतां." त्या रागावून बोलल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें. शिल्लक पुष्कळ होती, हें खोटें नव्हतें. पण कणगी भरलेली आहे एवढेंच मीं पाहिलें. आंतलें बी अडतीस वर्षांचें आहे, हें त्यांना सांगितलें नाहीं. शेतकरी पेरणीआधीं मूठभर बी ओल्या फडक्यांत बांधून त्याची उगवण पाहतो. किती पोतीं आहेत एवढ्यावर तो शेत पेरीत नाहीं.

बीज जुनें होतें म्हणजे काय होतें, तेंही थोडक्यांत सांगतें. मुलगी आईच्या पोटांत असतांनाच तिच्या बीजांनीं विभागणीस आरंभ केलेला असतो आणि ती विभागणी अर्ध्यावर थबकलेली असते. गुणसूत्रांच्या जोड्या हातांत हात धरून तशाच उभ्या राहतात. वीस वर्षें, तीस वर्षें, चाळीस वर्षें. ज्या महिन्यांत तें बीज पक्व होतें, त्या महिन्यांत विभागणी पुढें सरकते. इतक्या काळानें त्या जोड्यांची पकड सैल झालेली असते आणि वांटणींत चूक होते. कोणास एक गुणसूत्र अधिक जातें, कोणास एक कमी. असा गर्भ बहुधा रुजत नाहीं, किंवा रुजून पडतो. क्वचित् तो वाढतो आणि मूल जन्मास येतें. डाउन सिंड्रोम हें त्याचें ठळक उदाहरण. आईचें वय पंचवीस असतां हा संभव सुमारें साडेबाराशें प्रसूतींत एक इतका असतो. पस्तिशींत तो साडेतीनशेंत एक, आणि चाळिशींत शंभरांत एक होतो. ए. एम. एच.चा आंकडा कितीही चांगला असला तरी या हिशेबांत बदल होत नाहीं. बत्तीस वर्षांची स्त्री व तिची कमी शिल्लक, एकेचाळीस वर्षांची स्त्री व तिची भरपूर शिल्लक, यांत दर महिन्याच्या आशेच्या दृष्टीनें पहिलीच बहुधा बरी.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? मुळींच नाहीं. तिचें काम निराळें आहे. टेस्टट्यूब पद्धतीचा उपचार करावयाचा असतो, तेव्हां औषधें देऊन एकाच महिन्यांत अनेक बीजें पिकवावीं लागतात. कोणाच्या बीजकोशांतून तीन निघतील आणि कोणाच्या वीस, हें आधीं कळलें म्हणजे औषधाचें प्रमाण ठरवितां येतें. शिल्लक फार मोठी असेल तर तेंच औषध बाधूं शकतें. पोटांत पाणी सांचून जिवावर बेततें. तेथें हा आंकडा खरोखर पहारेकऱ्याचें काम करतो. १९७८ च्या जुलैत इंग्लंडांत अशा उपचारानें पहिलें मूल जन्मलें आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांनीं दुसरें. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजीं असें मूल जन्मास आलें. त्या काळीं हीं मापें हातीं नव्हतीं. आज आहेत, त्यांचा उपयोग करावा.

आणखीही कांहीं भगिनींनीं ही तपासणी वेळेवर करून घ्यावी. जिच्या आईची किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आंत गेली, तिनें. जिच्या बीजकोशावर शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हावयाची आहे, तिनें. जिला कर्करोगाची औषधें किंवा किरणोपचार घ्यावयाचे आहेत, तिनें तर उपचार सुरू होण्यापूर्वींच. कारण ते उपचार सांठ्यावर घाला घालतात, आणि आधीं बीजें काढून गोठवून ठेवण्याचा मार्ग आतां उपलब्ध आहे. आणि तरुणपणींच जिची पाळी महिनोन् महिने चुकूं लागली आहे, तिनेंही. आपल्याकडे रजोनिवृत्ति सरासरीनें सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. पाश्चात्य देशांतून ती एक्कावनच्या आसपास येते. म्हणजे आपल्या मुलींच्या हातीं वेळ थोडा कमीच आहे. तंबाखूच्या धुरानें तो वर्ष-दोन वर्षांनीं आणखी कमी होतो.

गोठविण्याविषयीं एक शब्द. 'आतां गोठवा, हवें तेव्हां आई व्हा,' अशा जाहिराती दिसतात. बीज गोठविलें म्हणजे त्याचें वय थांबतें, हें खरें. पण गोठविलेल्या प्रत्येक बीजापासून मूल होत नाहीं, पुष्कळ वाटेंतच गळतात. हा एक आधार आहे, हमी नव्हे. जिला तो घ्यावयाचा असेल तिनें पस्तिशीच्या आंत, हिशेब समजून घेऊन घ्यावा. एका चांदणीच्या धाकानें घेऊं नये.

आतां मूल होत नाहीं अशा घरानें काय करावें? स्त्रीचें वय पस्तिशीच्या आंत असेल तर एक वर्ष स्वाभाविक प्रयत्न करावा. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने पुरेत. चाळिशी आली असेल तर थांबूंच नये. डॉक्टरांकडे जावयाचें तें दोघांनीं. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि विनावेदनेची. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा, एवढेंच. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकट्यानें किंवा जोडीनें असतें. असें असून स्त्रीच्या चार तपासण्या, दोन दुर्बिणी आणि तीन नवस झाल्यावर नवऱ्याच्या तपासणीची आठवण होते, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

स्त्रीच्या बाजूनें शिल्लक हा एकच प्रश्न नसतो. बीज दर महिन्यास सुटतें कीं नाहीं, तें पाळीच्या उत्तरार्धांत रक्त तपासून कळतें. गर्भनलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत, तें औषध सोडून काढलेल्या क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें. आपल्या देशांत क्षयरोग छातींत न दिसतांही गर्भनलिकांत घर करून बसतो आणि त्या बंद करतो. ही गोष्ट विसरून चालत नाहीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा दोष गोळ्यांनीं सुधारतो. या सर्वांकडे न पाहतां एका आंकड्यावर निकाल देणें, म्हणजे विहीर, मोट, बैल, पाट कांहीं न पाहतां शेत वाळलें म्हणून बियाण्याला दोष देणें होय.

कायद्याचेंही थोडें सांगतें. २०२१ च्या कायद्यानें अशा उपचारांच्या रुग्णालयांस नोंदणी सक्तीची केलेली आहे. दुसऱ्या स्त्रीचें बीज घ्यावयाचें झाल्यास तिचें वय तेवीस ते पस्तीस असावें लागतें. तिला आयुष्यांत एकदांच बीज देतां येतें, आणि सातांहून अधिक बीजें काढतां येत नाहींत. हें जाणून घ्यावें, म्हणजे कोणी गरजू मुलीच्या जिवावर आपलें सुख उभारणार नाहीं.

आणि आणखी एक भीति मला वाटते. हा कागद उद्यां पत्रिकेबरोबर मागितला जाईल. मुलीचा रंग, उंची, शिक्षण पाहून झाल्यावर तिची शिल्लक पाहूं म्हणणारे निघतील. ज्या तपासणीवरून निरोगी स्त्रीचें मातृत्व सांगतां येत नाहीं, असें शास्त्रच सांगतें, तिच्यावरून मुलगी नाकारणें हा अन्याय आहे, आणि अज्ञानही आहे. सुशिक्षित घरांनीं तरी हा पायंडा पडूं देऊं नये.

आतां त्या तिघांकडे परत वळतें. सगळें ऐकून झाल्यावर मीं पतीला विचारलें, "तुमची तपासणी झाली का?" तो म्हणाला, "माझी कशाला? मला कांहीं त्रास नाहीं." खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग सासूबाई आपल्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "अरे, हिनें सांगावें लागूं नये म्हणून मी सांगतें. उद्यां सकाळीं जा. आठ महिने ही एकटी परीक्षेला बसते आहे." तो गेला. त्याच्या नमुन्यांतील बीजांची संख्या बरीच कमी निघाली. दोघांच्याही बाजूला थोडथोडें उणें होतें, आणि बत्तीस हें वय दोघांच्याही हिताचें होतें. त्यांचा उपचार आतां चालूं आहे. निकाल काय लागेल तो लागो. पण दुसऱ्या खेपेस तीं आलीं तेव्हां कागद नवऱ्याच्या हातांत होता, सून सासूबाईंशीं बोलत आंत आली, आणि तिचे डोळे कोरडे होते.

ज्या घरीं असा कागद आला असेल, त्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, चांदणी पाहून निकाल देऊं नका. वय विचारा, दोघांची तपासणी करा, वेळ दवडूं नका आणि धीरही सोडूं नका.